कमरेतले इंजेक्शन : दुर्मीळ, पण दखल घ्यावी असे धोके

सिझेरियन होऊन पंधरा-वीस वर्षे उलटली तरी कंबर दुखू लागली की महिलांच्या तोंडी पहिले कारण येते ते ‘तेव्हा घेतलेल्या कमरेतल्या इंजेक्शना’चे. हर्निया, मूळव्याध, गुडघा, खुबा किंवा प्रोस्टेट यांच्या शस्त्रक्रियेपूर्वीही रुग्णाचे नातेवाईक भूलतज्ज्ञाला हटकून विचारतात, ‘पुढे कंबर तर धरणार नाही ना?’ सुई टोचलेली जागा तीन-चार दिवस हुळहुळते, हे खरे. परंतु वर्षानुवर्षे चालणारी कंबरदुखी आणि ही सुई यांचा संबंध बाळंतिणींच्या पाहण्यांतून सिद्ध झालेला नाही. बाळंतपणानंतरची कंबरदुखी भूल न घेतलेल्या महिलांमध्येही सर्रास आढळते. गरोदरपणात सैलावलेले सांधे, पोटाचे दुबळे झालेले स्नायू आणि बाळाला वाकून उचलणे-पाजणे ही तिची मुख्य कारणे.

लोकांच्या मनात घर करून बसलेला धोका असा बहुतांशी निराधार निघतो. खरे धोके मात्र वेगळेच आहेत. ते अत्यंत विरळा आहेत, पण घडले तर रुग्णाला कायमचे पांगळे करू शकतात किंवा त्याच्या जिवावर बेतू शकतात. त्यांपैकी काहींवर वेळेत इलाज होऊ शकतो, आणि तो होण्यासाठी रुग्णाने व घरच्यांनी तक्रार वेळेत सांगणे आवश्यक असते. म्हणूनच त्यांची माहिती असणे अगत्याचे ठरते.

पाठीच्या कण्यातील पोकळीत मज्जारज्जू असतो आणि त्याभोवती पाण्यासारखा नितळ द्रव खेळत असतो. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारणतः कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली उरतो तो नसांचा झुपका. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून वैद्यकात त्याला त्याच अर्थाचे ‘कॉडा इक्विना’ हे लॅटिन नाव पडले. भूलतज्ज्ञ या भागात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास, केसासारखी बारीक सुई घालतो आणि बुपिव्हाकेनसारख्या औषधाचे दोन ते तीन मिलिलिटर द्रवात सोडतो. काही मिनिटांतच कमरेखालचा भाग बधिर होतो. रुग्ण जागा राहतो, त्याचा श्वास त्याचाच चालतो, घशात नळी घालावी लागत नाही. सिझेरियनमध्ये तर आईला बाळाचे पहिले रडणे ऐकू येते. पूर्ण भुलीत गरोदर स्त्रीच्या पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा आणि श्वासनळी घालताना अडचण येण्याचा मोठा धोका असतो, तो येथे बराच टळतो. पुढे येणारे सारे धोके वाचताना हा लाभ दृष्टीआड होऊ नये.

पहिला रुग्ण, पहिली डोकेदुखी

या भुलीचा आणि तिच्या दुष्परिणामांचा इतिहास एकाच आठवड्यात सुरू होतो. जर्मनीतील कील येथील शल्यविशारद ऑगस्ट बिअर यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी एका मजुराच्या कण्यात कोकेन सोडून त्याच्या पायावर शस्त्रक्रिया केली. कमरेतून हा द्रव काढण्याची पद्धत हाइनरिश क्विंके यांनी त्याच गावात १८९१ मध्ये रूढ केली होती. बिअर यांनी तोच मार्ग औषध आत घालण्यासाठी वापरला. रुग्णांना नंतर डोकेदुखी व उलट्या झाल्या. त्याचे कारण शोधण्यासाठी २४ ऑगस्टला बिअर यांनी स्वतःवरच प्रयोग करून घेतला. सहायक ऑगस्ट हिल्डेब्रांट यांनी सुई घातली खरी, पण सिरिंज तिच्यावर नीट बसेना. त्या गडबडीत औषध सांडले आणि कण्यातील बराच द्रव वाहून गेला. मग बिअर यांनी हिल्डेब्रांट यांना टोचले. हा प्रयोग मात्र साधला. हिल्डेब्रांट यांच्या नडगीवर हातोडी मारून आणि कातडीला पेटती सिगार लावूनही त्यांना वेदना झाल्या नाहीत. दोघांनी रात्री मद्य घेऊन यश साजरे केले. दुसऱ्या दिवसापासून बिअर यांचे डोके असे धरले की नऊ दिवस त्यांना नीट उभे राहता येईना. आडवे झाले की दुखणे थांबे, उठले की पुन्हा सुरू होई.

बसल्यावर वाढणारी आणि झोपल्यावर शमणारी डोकेदुखी हीच या भुलीनंतरच्या डोकेदुखीची आजही खूण आहे. सुईने आवरणाला पडलेल्या छिद्रातून द्रव झिरपत राहतो आणि मेंदूला असलेला त्याचा आधार कमी होतो. बाळंतिणींमध्ये तिचे प्रमाण अधिक. सुया जसजशा बारीक होत गेल्या तसतसे ते घटले. खरा फरक पडला तो सुईच्या टोकामुळे. आवरण कापणाऱ्या टोकाऐवजी पेन्सिलीसारखे, तंतू बाजूला सारणारे टोक आले. अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कमरेत सुई घालण्याच्या सर्व कारणांसाठी मिळून, जुन्या पद्धतीच्या सुईने ११ टक्के, तर नव्या टोकाच्या सुईने ४.२ टक्के रुग्णांना डोकेदुखी झाल्याचे त्यात दिसले. दुखणे सोसवेनासे झाल्यास रुग्णाचेच थोडे रक्त कमरेत आवरणाबाहेर सोडून छिद्र बुजवले जाते. हा उपाय १९६० पासून ज्ञात आहे आणि बहुतेकांना त्याने आराम पडतो.

ही डोकेदुखी दुर्मीळ नाही; दुर्मीळ आहे ते तिच्या आड लपणारे संकट. द्रव कमी झाल्याने मेंदू किंचित खाली ओढला जातो. त्यामुळे क्वचित डोळा बाहेरच्या बाजूस वळवणारी नस ताणली जाऊन एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. त्याहून विरळा म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरील शीर फाटून कवटीत रक्त साचणे. अशा वेळी डोकेदुखीचे रूप पालटते. ती झोपल्यावरही थांबत नाही, गुंगी येऊ लागते, बोलण्यात गोंधळ होतो. ‘भुलीचे डोके आहे, चार दिवसांत उतरेल’ म्हणून वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढणे येथे महागात पडते. तातडीने स्कॅन करावा लागतो.

हृदय अचानक थांबते तेव्हा

या भुलीने पायांतील रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि रक्तदाब उतरतो. हे नेहमीचेच आणि भूलतज्ज्ञ ते सलाइन व औषधांनी सावरतो. परंतु भूल छातीच्या वरच्या भागापर्यंत चढली, तर हृदयाचा वेग राखणाऱ्या नसाही बधिर होतात. नाडी मंदावत जाते आणि क्वचित हृदय थांबते. १९८८ मध्ये अमेरिकेतील न्यायालयीन दाव्यांच्या तपासणीतून अशी १४ प्रकरणे पुढे आली. हे सारे रुग्ण मुळात धडधाकट होते. रुग्ण गुंगीत होते, नाडी मंदावल्याचे लक्षात यायला उशीर झाला आणि अॅड्रिनलीन देण्यातही विलंब झाला, असा निष्कर्ष निघाला. फ्रान्समध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४०,६४० रुग्णांपैकी २६ जणांचे हृदय या भुलीदरम्यान थांबले आणि त्यांतील ६ दगावले. व्यायामाने कमावलेल्या, मुळातच मंद नाडी असलेल्या तरुणांमध्ये हा धोका अधिक असतो, ही गोष्ट कानाला विचित्र वाटते. औषध त्याहूनही वर चढले तर श्वासाचे स्नायू ढिले पडतात, आवाज बसतो, भान हरपते. अशा रुग्णाला काही काळ कृत्रिम श्वास द्यावा लागतो. तो वेळेवर मिळाला तर भूल उतरताच रुग्ण पूर्ववत होतो. कमरेतले इंजेक्शन ‘छोटी भूल’ समजले जाते, पण पूर्ण भुलीला लागते ती सारी सामग्री आणि सतत हजर असलेला भूलतज्ज्ञ या भुलीलाही लागतात, ते याचसाठी.

सुई, रक्त आणि घड्याळ

सुई मज्जारज्जूलाच लागली तर? मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली टोचायचे, हा नियम सोपा आहे. पण मणके मोजायचे असतात ते कातडीवरून, बोटांनी. इंग्लंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भूलतज्ज्ञांना पाठीवर खूण केलेली जागा कोणत्या मणक्याची, हे ओळखायला सांगण्यात आले आणि एमआरआयने पडताळणी झाली. उत्तर बरोबर आले ते केवळ २९ टक्के वेळा. निम्म्याहून अधिक वेळा खूण त्यांना वाटली त्यापेक्षा एक मणका वर होती. पुढच्याच वर्षी मज्जारज्जूच्या टोकाला इजा झालेल्या सात महिलांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सहा जणींना बाळंतपणासाठी भूल दिली होती. सातही जणींनी सुई आत जाताना तीव्र कळ आल्याचे सांगितले होते. बहुतेकींचे पाऊल लुळे पडले. तेव्हापासून शक्य तितक्या खालच्या जागेत टोचण्यावर भर दिला जातो. सुई टोचताना पायात विजेसारखी कळ गेली तर रुग्णाने न हलता, पण मोठ्याने सांगावे. सुई मागे घेण्यासाठी भूलतज्ज्ञाला तेवढी सूचना पुरते. ‘थोडे दुखणारच’ असे समजून ओठ आवळून बसण्यात शहाणपण नाही.

रक्त गोठू न देणाऱ्या औषधांवर असलेल्या रुग्णांत दुसरेच भय असते. सुईने एखादी बारीक शीर फुटली तर इतरांत रक्त आपोआप थांबते. या रुग्णांत ते कण्याच्या बंद पोकळीत साचून मज्जारज्जूला दाबते. एनॉक्सापॅरिन व त्या जातीची इंजेक्शने अमेरिकेत रूढ झाल्यानंतर अशी प्रकरणे वाढली आणि डिसेंबर १९९७ मध्ये तेथील औषध प्रशासनाने इशारा दिला. धोका सर्वांना सारखा नसतो, हे स्वीडनच्या पाहणीने दाखवले. १९९० ते १९९९ या दशकात तेथे सुमारे १२ लाख ६० हजार रुग्णांना ही भूल आणि साडेचार लाखांना तिची भावंड असलेली एपिड्युरल भूल देण्यात आली. मज्जातंतूंना गंभीर बाधा पोचवणारे १२७ प्रकार घडले, त्यांपैकी ३३ रक्त साकळण्याचे होते. एपिड्युरल घेतलेल्या बाळंतिणींत ही घटना दोन लाखांत एक, तर गुडघा बदलून घेणाऱ्या महिलांत ३,६०० मध्ये एक! ठिसूळ, झिजलेल्या मणक्यांत पोकळी अरुंद झालेली असते आणि थोडेसे रक्तही दाब आणण्यास पुरते.

येथे घड्याळ फार महत्त्वाचे. पाय लुळे पडल्यापासून साधारण आठ-बारा तासांत शस्त्रक्रियेने साकळलेले रक्त काढले तर चालणे परत मिळण्याची शक्यता चांगली. त्यानंतर ती झपाट्याने घटते. आणि नेमका याच काळात रुग्ण, परिचारिका व नातेवाईक ‘भूल अजून उतरली नाही’ अशी समजूत करून घेतात. नेहमीच्या बुपिव्हाकेनची भूल काही तासांत उतरते. ती उतरून आलेला पाय पुन्हा जड होऊ लागला, अपेक्षित वेळ उलटूनही हलेना, पाठीत तीव्र वेदना सुरू झाली, लघवी तुंबली किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा राहिला, तर ती भूल नव्हे असे मानून रात्री-अपरात्रीही डॉक्टरांना उठवावे व एमआरआयची मागणी करावी. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा तत्सम गोळ्या घेणाऱ्यांनी त्या भूलतज्ज्ञाला आधीच दाखवाव्यात. स्वतःच्या मनाने मात्र त्या बंद करू नयेत, कारण हृदयातील स्टेंट बंद पडण्याचा धोका त्याहून मोठा असू शकतो. केवळ अॅस्पिरिनची छोटी मात्रा चालू असणे या भुलीला सहसा आड येत नाही.

तोंडातला जंतू आणि मेक्सिकोतील प्रसूती

भुलीनंतर एक-दोन दिवसांत डोकेदुखीसोबत ताप आणि मान ताठरणे सुरू झाले तर मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते. गंमत अशी, की दोषी जंतू पुष्कळदा रुग्णाचा नसून सुई टोचणाऱ्याच्या तोंडातला असतो. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये २००८ साली आणि ओहायोमध्ये २००९ साली बाळंतपणात कण्यात भूल घेतलेल्या पाच महिलांना हा आजार झाला व एकीचा मृत्यू झाला. ओहायोतील भूलतज्ज्ञाने तोंडावर मास्क बांधला नव्हता, असे चौकशीत आढळले. कापडाच्या एका चौकोनाने टळू शकणारे मरण!

त्याहून भीषण प्रकार २०२२ च्या अखेरीस मेक्सिकोतील दुरांगो शहरात घडला. तेथील खासगी रुग्णालयांत कण्यात भूल घेऊन प्रसूत झालेल्या महिला काही आठवड्यांनी डोकेदुखीने बेजार होऊन परत येऊ लागल्या. तपासणीत ‘फ्युसारियम’ ही बुरशी सापडली. एरवी पिकांवर आणि मातीत आढळणारी ही बुरशी थेट कण्यातील द्रवात पोहोचली होती. सुमारे ८० जणांना बाधा झाली आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास दगावले. तान्ही बाळे पोरकी झाली. २०२३ मध्ये त्याच देशातील मातामोरोस येथे सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी आलेल्या अमेरिकी नागरिकांमध्ये हीच साथ उद्भवली आणि तिथेही बळी गेले. संशयाची सुई वळली ती भुलीसाठी वापरलेल्या औषधांकडे व ती हाताळण्याच्या पद्धतीकडे. एकाच बाटलीतून अनेकांना औषध काढून देण्याची सवय कण्याच्या बाबतीत किती घातक ठरू शकते, हे या घटनांनी जगाला दाखवले.

चुकीची कुपी

औषध स्वतःच नसांना मारक ठरल्याचीही उदाहरणे आहेत. बारीक नळीतून लिग्नोकेनची दाट मात्रा पुनःपुन्हा दिल्याने शेपटीसारख्या नसांना इजा झालेले चार रुग्ण १९९१ मध्ये नोंदले गेले. लघवी-शौचावरील ताबा जाणे हे अशा इजेचे मुख्य लक्षण. दुसऱ्याच वर्षी त्या नळ्या अमेरिकेच्या बाजारातून हटवण्यात आल्या. लिग्नोकेननंतर नितंब व मांड्यांत दोन-चार दिवस ठणका लागणे हा मात्र सौम्य प्रकार आहे; त्यात पाय दुबळे होत नाहीत आणि तो आपोआप ओसरतो.

या विषयातला सर्वांत गाजलेला खटला इंग्लंडमधला. चेस्टरफील्ड येथील रुग्णालयात १३ ऑक्टोबर १९४७ रोजी किरकोळ शस्त्रक्रियांसाठी आलेले अल्बर्ट वूली आणि सेसिल रो हे दोघे एकाच दिवशी, एकाच भूलतज्ज्ञाच्या हातून भूल घेऊन कमरेपासून खाली कायमचे पांगळे झाले. औषधाच्या काचेच्या कुप्या निर्जंतुक राहाव्यात म्हणून फिनॉलमध्ये बुडवून ठेवत; डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांतून ते आत झिरपले, असा निष्कर्ष न्यायालयाने स्वीकारला. १९५४ मध्ये अपील न्यायालयाने दोघांचा दावा फेटाळला. अशा तड्यांचा धोका १९४७ साली कुणाला ठाऊक नव्हता, आणि १९५४ चा चष्मा लावून १९४७ ची घटना पाहता येणार नाही, असे न्यायमूर्ती डेनिंग यांचे मत पडले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे निकालपत्र आजही शिकवले जाते. सुया उकळण्याच्या भांड्यातील गंज काढायचे आम्ल तसेच राहून गेले असावे, असाही तर्क पुढे मांडला गेला. काहीही असो, त्या दोघांना भरपाई मिळाली नाही आणि इंग्लंडमध्ये ही भूल कित्येक वर्षे बदनाम राहिली. अमेरिकेत त्याच वर्षी, १९५४ मध्ये, ड्रिप्स व व्हँडम यांनी दहा हजारांहून अधिक वेळा दिलेल्या भुलीचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात एकही मोठी कायमची इजा आढळली नाही आणि विश्वास हळूहळू परतला.

फिनॉलचा जमाना गेला. कुप्यांची अदलाबदल मात्र गेली नाही. बाळंतपणातील रक्तस्राव थांबवणारे ट्रॅनेक्सामिक अॅसिड हे जीव वाचवणारे औषध आहे. ते शिरेतून द्यायचे असते. चुकून कण्यात गेले तर काही मिनिटांत पाठीत व पायांत असह्य कळा, झटके आणि हृदयाच्या ठोक्यांत गोंधळ सुरू होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यातील अशा २१ रुग्णांपैकी १० दगावले. कारण एकच, बुपिव्हाकेनच्या आणि या औषधाच्या कुप्या दिसायला सारख्या आणि ठेवलेल्या शेजारी-शेजारी. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये याबाबत इशारा देऊन हे औषध भुलीच्या औषधांपासून दूर ठेवण्याचे बजावले. शिरेची सिरिंज कण्याच्या सुईवर बसूच नये, अशी वेगळी जोडणीही आता उपलब्ध आहे. पण ती सर्वत्र पोहोचलेली नाही. औषध भरण्यापूर्वी दोघांनी कुपीवरील नाव मोठ्याने वाचावे, या उपायाला पैसा लागत नाही.

सांगायचे किती?

एवढे सारे वाचून धास्तावण्यापूर्वी आकडे पाहणे उचित. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अॅनेस्थेटिस्ट्स या संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत कण्याजवळ दिलेल्या सर्व प्रकारच्या भुलींची संख्या वर्षाला सात लाखांहून अधिक भरली. संशयित प्रत्येक प्रकरण भुलीच्या माथी मारले तरी कायमची इजा लाखात ४.२ जणांना, आणि शंकेचा फायदा दिला तर लाखात दोघांना झाली. दोन्ही पाय जाणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण लाखात ०.७ ते १.८ एवढे होते. सुरुवातीला गंभीर वाटलेल्या इजांपैकी सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण पूर्ण बरेही झाले.

लाखात एक-दोघांना होणारी गोष्ट प्रत्येकाला सांगावी की नाही, यावर मात्र एकवाक्यता नाही. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये असा निर्वाळा दिला, की डॉक्टरांनी रुग्णाला संमतीपूर्वी पुरेशी माहिती द्यावी. परंतु ज्यांनी रुग्ण घाबरून उपचारच नाकारील असे दूरान्वयाचे धोके सांगण्याची सक्ती नाही. ब्रिटनमध्ये २०१५ च्या मॉन्टगोमेरी निकालाने नेमका उलटा कौल दिला. त्या रुग्णाच्या दृष्टीने जो धोका महत्त्वाचा, तो कितीही विरळा असला तरी त्याला सांगावा लागतो. नर्तिकेला किंवा लांबपल्ल्याच्या धावपटूला पाऊल लुळे पडण्याची लाखातली शक्यताही जाणून घ्यावीशी वाटेल, हे समजण्याजोगे आहे. आपल्याकडे संमतीपत्र बहुधा दाखल होतानाच, इतर कागदांच्या गठ्ठ्यात सहीसाठी पुढे येते, आणि भूलतज्ज्ञाची गाठ पडते ती शस्त्रक्रियेच्या काही तास आधी, कधी कधी तर टेबलावरच. पूर्वनियोजित शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञाची भेट आदल्या दिवशी मागता येते. चालू गोळ्या, पूर्वीच्या भुलीचा अनुभव, रक्तस्रावाची प्रवृत्ती, मणक्यांचा जुना आजार किंवा शस्त्रक्रिया, कमरेच्या कातडीवरील फोड अथवा पुरळ या गोष्टी त्याच भेटीत सांगायच्या असतात, आणि घरी गेल्यावर पाय जड झाला, ताप आला किंवा डोकेदुखीचे रूप बदलले तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, तेही तेव्हाच लिहून घ्यायचे असते.